ठोका गळाला, पण ब्लॉक आहे का? ईसीजीच्या पट्टीवर खरा आणि भासमान हार्ट ब्लॉक वेगळा करण्याची रीत

गंगाखेड घ्या, केज घ्या, उमरगा घ्या, चित्र साधारण एकच असतं. गरगरतंय म्हणून पासष्टीचे आजोबा येतात. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर नाडी 38 दाखवतो. ईसीजीच्या पट्टीवर मधेच एक ठोका गायब असतो आणि वरच्या कोपऱ्यात मशीननंच ‘सेकंड डिग्री एव्ही ब्लॉक’, म्हणजे वरच्या कप्प्यांतले काही आवेग खालच्या कप्प्यांत पोचत नाहीत, असं छापून टाकलेलं असतं. पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवरून पुढे जातो, तिकडून ‘पाठवून द्या’ असा निरोप येतो. तोवर घरच्यांच्या कानावर ‘पेसमेकर’ पडलेलं असतं आणि घरात ठेवलेलं सोयाबीन आजच्या भावानं घालावं लागेल का, याचा हिशेब दवाखान्याच्या ओट्यावर सुरू होतो.

यातल्या काही रुग्णांना पेसमेकर खरोखरच लागतो, आणि त्यांच्या बाबतीत उशीर परवडत नाही. पण काहींच्या हृदयातली आवेगाची वाट ठणठणीत असते. ठोका गळण्याचं कारण भलतंच असतं, आणि ते पट्टीवरच छापलेलं असतं. हा लेख तालुक्याच्या ठिकाणी ईसीजी वाचणाऱ्या मेडिकल ऑफिसरांसाठी, फॅमिली डॉक्टरांसाठी, इंटर्न आणि सिस्टर मंडळींसाठी आहे. रुग्णाच्या घरचं कुणी वाचत असेल तर एवढंच सांगतो, की हे वाचून कोणतीही गोळी स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.

क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची उंच लहर, गळाला की आपली नजर रिकाम्या जागेवर जाऊन बसते. ती पी लहरीवर, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या छोट्या लहरीवर, जायला हवी. जो पी खाली पोचला नाही तो ठरल्या वेळी आला होता, की वेळेआधी? की आलाच नव्हता? निम्मं निदान या प्रश्नात संपतं.

हे मुळात होतं कसं

ठोका सुरू करणाऱ्या सायनस नोडमधून निघालेला आवेग वरच्या कप्प्यांतून एव्ही नोडमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या नाक्यावर, येतो, तिथे थोडा थबकतो, मग हिस बंडलमधून दोन्ही शाखांत उतरतो. एक आवेग जाऊन गेल्यावर ही वाट काही क्षण बंद असते. त्या रिफ्रॅक्टरी अवस्थेत दुसरा आवेग आला तर तो अडणारच. रेल्वेचं फाटक आत्ताच पडलंय आणि एखादी बैलगाडी लवकर येऊन थांबली, तर फाटक नादुरुस्त आहे असं कुणी म्हणत नाही. फाटक उघडं असायला हवं त्या वेळीही ते पडलेलं असेल, तर ती बिघाडाची खूण. खरा ब्लॉक म्हणजे वेळेवर आलेला पी अडणं.

वेंकेबाखनं 1899 मध्ये त्याच्या नावानं ओळखला जाणारा प्रकार मांडला तेव्हा त्याच्या हाताशी ईसीजी नव्हताच. नाडीच्या आलेखावरची अंतरं मोजून त्यानं तो ओळखला. त्यात पीआर, म्हणजे पी ते क्यूआरएसचं अंतर, वाढत वाढत जाऊन ठोका गळतो. मोबिट्झचं वर्गीकरण 1924 चं, तेही अंतरांच्या मोजमापावरच उभं आहे. त्यातल्या मोबिट्झ टूमध्ये पीआर न वाढताच ठोका अचानक गळतो. आपल्या मशीनमध्ये आज संगणक आहे, पण टी लहरीत, म्हणजे क्यूआरएसनंतर खालचे कप्पे सावरतानाच्या लहरीत, बुडालेला पी त्याला बहुधा दिसत नाही. मशीनच्या छापील निदानावर मी बोट ठेवून झाकतो आणि मगच पट्टी वाचतो. ही सवय तुम्हीही लावून घ्या.

पहिली पायरी: आधी माणूस

बीपी किती, शुद्ध कशी आहे, अंग थंड-घामेजलेलं आहे का, छातीत दुखतंय का, धाप आहे का. बीपी पडलेलं असेल आणि नाडी खरंच मंद असेल तर लेख बाजूला ठेवा. शिरेतून ॲट्रोपिन 1 मिग्रॅ, दर तीन ते पाच मिनिटांनी, एकूण 3 मिग्रॅपर्यंत. सोबत बाहेरून पेसिंग करणारं यंत्र असेल तर ते लावा आणि 108 ला फोन. हिस बंडलच्या खालच्या ब्लॉकमध्ये ॲट्रोपिनचा फारसा उपयोग होत नाही, उलट खाली पोचणाऱ्या ठोक्यांचं प्रमाण आणखी घटू शकतं, म्हणून त्यावर विसंबून तासभर घालवू नका.

रुग्ण स्थिर असेल तर स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं मनगटाची नाडी. ऑक्सिमीटर आणि बीपीचं इलेक्ट्रॉनिक मशीन नाडीच्या लाटा मोजतात, हृदयाचे ठोके नव्हेत. खालच्या कप्प्यातून एकाआड एक व्हीपीसी येत असेल, तर त्या अवेळी ठोक्यात रक्त इतकं थोडं बाहेर पडतं की मनगटापर्यंत लाट पोचत नाही. छातीवर 76, मनगटावर 38. ‘नाडी 38, हार्ट ब्लॉक’ अशी चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांत हा प्रकार हमखास सापडतो, आणि तो ओळखायला लागतं ते फक्त एक मिनिट.

मग औषधांची पिशवी मागवा. ‘गोळ्या कोणत्या?’ असं विचारलं तर ‘बीपीची एक अन् एक पांढरी’ एवढंच उत्तर मिळतं, म्हणून पिशवीच आणायला सांगा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, क्लोनिडिन, ॲमिओडॅरोन, विसराळूपणासाठी दिलेलं डोनेपेझिल. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब हमखास निसटतात, कारण डोळ्याचं औषध कुणी पिशवीत टाकत नाही. ते बीटा ब्लॉकरच आहे आणि डोळ्यातून रक्तात उतरतं. ‘मावशी, डोळ्यात काही घालता का?’ हा प्रश्न वेगळा विचारा.

दुसरी पायरी: पट्टी वाचण्याजोगी काढा

बारा लीडच्या ठरावीक पट्टीत प्रत्येक लीडला अडीच सेकंद मिळतात. एवढ्यात लय कळत नाही. लीड दोन आणि व्ही1 ची लांब पट्टी काढा, निदान अर्धा मिनिट, जमलं तर एक मिनिट. कागद गेला तरी चालेल. वेग 25 मिमी प्रति सेकंद आणि उंची 10 मिमीला एक मिलिव्होल्ट आहे ना ते पाहा. या वेगाला एक छोटं घर 0.04 सेकंदाचं, मोठं घर 0.20 सेकंदाचं.

एप्रिल-मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, घामानं इलेक्ट्रोड निसटतात. जेली संपली म्हणून पाणी लावलेलं असतं, ते पट्टी निघेपर्यंत वाळतं. सैल इलेक्ट्रोडमुळे मधेच सपाट रेघ आली की ती ‘पॉज’ वाटते. रेघ सपाट असताना आजोबा गप्पा मारत असतील आणि दुसऱ्या लीडमध्ये ठोके चालू असतील, तर दोष तारेचा आहे. कंपवाताच्या रुग्णाचा हात सेकंदाला चार ते सहा वेळा हलतो. म्हणजे मिनिटाला तीनशेच्या आसपास दातेरी लहरी, हुबेहूब एट्रियल फ्लटर. हात मांडीखाली दाबून ठेवायला सांगा आणि इलेक्ट्रोड मनगटाऐवजी दंडावर लावा.

पी दिसतच नसेल तर लुईस लीड करून पाहा, त्याला खर्च शून्य. उजव्या हाताचं इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या वरच्या भागावर, डाव्या हाताचं उजव्या बाजूला पाचव्या बरगडीखालच्या फटीत हाडाच्या कडेला, डाव्या पायाचं उजव्या बरगड्यांच्या खालच्या कडेला. मग लीड एक वाचायचा. वरच्या कप्प्यांच्या लहरी पुष्कळदा इथे उठून दिसतात.

तिसरी पायरी: कागदाच्या कपट्यावर पी उतरवा

कॅलिपर असेल तर उत्तम. नसेल तर केसपेपरची कोरी कड फाडून घ्या. पट्टीखाली धरा, ओळीनं तीन-चार स्वच्छ पींवर पेनाच्या खुणा करा, मग कपटा पुढे सरकवत न्या. गॅपच्या जागी खूण कुठे पडते ते पाहा. खुणेवर पी आहे आणि त्यामागे क्यूआरएस नाही, तर ब्लॉकचा संशय खरा. खुणेच्या बऱ्याच आधी, विशेषतः टी लहरीत काही उंचवटा आहे, तर तो अवेळी पी. खुणेवर काहीच नाही आणि टी लहरही निर्मळ आहे, तर सायनस नोडच थांबला होता. तो एव्ही ब्लॉक नव्हे, सायनस पॉज किंवा एसए ब्लॉक. तो निरुपद्रवी असतो असं मात्र नाही, कारण चक्कर आणि बेशुद्धी असेल तर त्यालाही पेसमेकर लागू शकतो.

टी लहरींची तुलना मन लावून करा. गॅपच्या लगेच आधीची टी इतर टींपेक्षा टोकदार आहे का, खाच पडलीय का, अकारण उंच किंवा चपटी झालीय का? बाकी सगळ्या टी सारख्या आणि एकच वेगळी असेल, तर तिच्या पोटात पी आहे असंच समजून शोधा.

सर्वांत मोठा बहुरूपी: अडलेला पीएसी

वरच्या कप्प्यातून वेळेआधी उठलेला ठोका म्हणजे पीएसी. तो फार लवकर आला तर एव्ही नोड अजून सावरलेला नसतो, आवेग तिथेच विरतो, क्यूआरएस उमटत नाही. पट्टीवर अचानक आलेल्या पॉजचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. तरी ‘मोबिट्झ टू’ या नावाखाली सर्वाधिक पाठवलं जातं तेही हेच.

आकडे घेऊन पाहू. समजा पी ते पी अंतर 20 छोटी घरं, म्हणजे 0.80 सेकंद, नाडी 75. खरा मोबिट्झ टू असेल तर अडलेला पी विसाव्या घरावरच येईल, पुढचा चाळिसाव्यावर, आणि गॅप मूळ अंतराच्या बरोबर दुप्पट भरेल. पीएसीमध्ये अवेळी पी अकराव्या घराच्या आसपास येतो, नेमका टीच्या शिखरावर. तो सायनस नोडलाही धक्का देऊन त्याचं घड्याळ नव्यानं सुरू करतो, म्हणून पुढचा सायनस पी तिथून 22 घरांवर, म्हणजे पहिल्यापासून तेहेतिसाव्या घरावर पडतो. गॅप 33 घरांचा, दुप्पटीपेक्षा कमी. गॅप दुप्पटीहून स्पष्ट कमी भरला की मोबिट्झ टू लिहिण्याआधी थांबायचं. वेंकेबाखमध्येही गॅप दुप्पटीहून कमी असतो, पण तिथे पी आपल्या ठरल्या वेळीच चालत राहतात आणि पीआर अंतर आधी वाढत गेलेलं असतं.

आणखी दोन खुणा आहेत. अवेळी पीचा आकार सायनस पीहून वेगळा असतो, कारण तो वेगळ्या जागेतून उठतो. आणि त्याच लांब पट्टीत बहुधा असे पीएसी सापडतात जे थोडे उशिरा आले म्हणून खाली पोचले, कधी लांब पीआर घेऊन, कधी रुंद क्यूआरएस घेऊन. एकाच कुळातले काही पोचतात, काही अडतात. लांब पट्टीचा आग्रह त्यासाठीच.

फसवणुकीचा कळस म्हणजे हेच पीएसी एकाआड एक येत राहणं. प्रत्येक चक्र 33 घरांचं, नाडी 45, सगळं नियमित. वरवर पाहिलं तर सायनस ब्रॅडिकार्डिया, म्हणजे सायनस नोडचीच मंद लय, आणि एखाद्यानं टीमधला पी शोधलाच तर त्याला तो 2:1 ब्लॉक, म्हणजे दर दोन पींपैकी एकच खाली पोचणारा, वाटतो. कपटा लावा. 2:1 ब्लॉकमध्ये पी सारख्या अंतरावर येतात. फार तर क्यूआरएस पोटात घेतलेलं पी-पी अंतर थोडं आखूड आणि रिकामं अंतर थोडं लांब, एवढाच फरक. अडलेल्या बायजेमिनीमध्ये, म्हणजे या एकाआड एक अडणाऱ्या पीएसींमध्ये, 11 आणि 22 असा ढळढळीत लंगडेपणा दिसतो. रुग्णाला खोलीत दोन चकरा मारायला लावून पुन्हा पट्टी काढा. सायनसचा वेग वाढला की पीएसी बऱ्याचदा मागे पडतात आणि नाडी एकदम 90 वर जाते.

नवजात बाळांत आणि पोटातल्या गर्भातही हाच प्रकार दिसतो. सोनोग्राफीत बाळाचे ठोके मंद दिसले की खऱ्या ब्लॉकची भीती वाटते. तिथे फीटल इकोवर वरच्या कप्प्यांच्या ठोक्यांमधलं अंतर समान आहे की लंगडं, हेच पाहतात. समान असेल तर आईच्या रक्तात अँटी-रो अँटिबॉडीज तपासाव्या लागतात. लंगडं असेल तर बहुतेक वेळा नजर ठेवणं पुरतं.

अडलेल्या पीएसीला सहसा औषध लागत नाही. तंबाखू, दारू, जागरण, कडक चहाचे कप, थायरॉइड, दम्याचं थिओफिलीन, कमी झालेलं पोटॅशियम, झडपेचा जुना आजार, यांची चौकशी करा. फार वारंवार असतील तर पुढे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, होण्याची शक्यता धरून लक्ष ठेवा. खरं नुकसान चुकीच्या निदानानं होतं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं मेटोप्रोलॉल ‘ब्लॉक आहे’ म्हणून तडकाफडकी बंद केलं जातं, आणि ज्याला त्या गोळीची सर्वांत जास्त गरज होती तोच तिच्याविना राहतो.

पी वेळेवर आला, तरी लगेच मोबिट्झ टू लिहू नका

इथे दोन फसवे प्रकार आहेत, आणि त्यांच्या जोडीला एक खरा धोका.

पहिला व्हेगस नर्व्हचा. उलटी, लघवी, खोकल्याची उबळ, सुई टोचणं, नळीतून कफ ओढणं, गाढ झोप. या वेळी व्हेगस सायनस नोड आणि एव्ही नोड दोघांनाही एकदम दाबते. म्हणून ठोका गळण्याआधी आणि गळताना पी-पी अंतर लांबत जातं: 20, 23, 27, मग ठोका गायब. पीआर फारसं वाढलेलं दिसलं नाही तरी सायनस मंदावत असताना मोबिट्झ टू हे निदान करायचंच नाही. मोबिट्झ टूच्या व्याख्येतच सायनसचा वेग स्थिर असणं आणि गळालेल्या ठोक्याच्या आधीचं व नंतरचं पीआर सारखं असणं येतं. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुलं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्या रात्रीच्या होल्टरमध्ये (अंगावर बांधून तासन्‌तास ईसीजी नोंदवणारं यंत्र) वेंकेबाख दिसणं ही प्रकृती आहे, आजार नव्हे. मेडिकलमध्ये त्यावरून पोराला नापास करण्याआधी त्याला जिना चढवून पट्टी काढा.

दुसरा प्रकार दुर्मीळ, पण डोक्यात असलेला बरा. हिस बंडलच्या परिसरातून एक अवेळी ठोका उठतो आणि तो वरही जात नाही, खालीही जात नाही. पट्टीवर त्याची रेघसुद्धा उमटत नाही. पण वाट मात्र तो वापरून गेलेला असतो, म्हणून मागून वेळेवर आलेला पी अडतो किंवा रखडतो. लँगेनडॉर्फ आणि मेहलमन यांनी 1947 मध्ये असे छुपे ठोके पहिल्या आणि दुसऱ्या डिग्रीच्या ब्लॉकची नक्कल कशी करतात ते दाखवून दिलं. संशय कधी घ्यायचा? क्यूआरएस अरुंद असूनही मोबिट्झ टू दिसतोय. एकाच माणसात वेंकेबाख आणि मोबिट्झ टू दोन्ही दिसतायत. एखादंच पीआर काही कारण नसताना एकदम लांबलंय. आणि पट्टीत दुसरीकडे उघडे जंक्शनल ठोकेही, म्हणजे त्याच परिसरातून उठून पट्टीवर दिसणारे ठोके, आहेत. खात्री हृदयात तार घालून हिस बंडलची नोंद घेणाऱ्या ईपी स्टडीतच होते. तुमचं काम एवढंच, की चिठ्ठीत हा संशय लिहायचा. त्याचा उपचार पेसमेकरऐवजी त्या ठोक्यांना आवरणं हा असू शकतो.

अरुंद क्यूआरएस आणि मोबिट्झ टू ही जोडी मुळातच विरळ. खरा मोबिट्झ टू बहुतेकदा बंडल ब्रांच ब्लॉकच्या, म्हणजे हिसच्या एखाद्या शाखेतल्या अडथळ्याच्या, सोबत येतो आणि त्यात क्यूआरएस रुंद असतो. त्यामुळे अरुंद क्यूआरएस दिसला तर आधी नक्कल शोधा, रुंद दिसला तर आधी बेड शोधा.

आता तो धोका. बंडल ब्रांच ब्लॉक असलेल्या माणसात एखाद्या पीएसी किंवा व्हीपीसीनंतर किंचित थांबा येतो आणि मग वेळेवर आलेले दोन, तीन, पाच पी ओळीनं अडतात. सुरुवात पीएसीनं झाली म्हणून हे निरुपद्रवी ठरत नाही. एकापाठोपाठ वेळेवरचे पी अडत असतील तर तो खरा ब्लॉक आहे आणि तो कधीही लांबू शकतो. अशा माणसाला एसटीनं पाठवू नका.

एक साधी गोष्ट याच ठिकाणी सांगून टाकतो. व्हीपीसीच्या टीमध्ये वेळेवर आलेला सायनस पी दडलेला असतो आणि तो खाली जात नाही, कारण वाट नुकतीच वापरली गेलेली असते. त्याला ब्लॉक म्हणत नाहीत.

वरचे-खालचे कप्पे आपापल्या चालीनं

पी आणि क्यूआरएसचं एकमेकांशी नातं तुटलेलं दिसलं की ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ लिहायचा मोह होतो. आधी दोन्हीकडची गती वेगवेगळी मोजा. कम्प्लीट ब्लॉकमध्ये वरचे कप्पे वेगात आणि खालचे मंद: पी 84, क्यूआरएस 36. खालची गती वरच्याइतकी किंवा जास्त असेल तर ब्लॉक सिद्ध होत नाही. खालचं केंद्र स्वतःच पुढे सरसावलं आहे, किंवा सायनस मागे पडला म्हणून त्यानं सूत्रं घेतली आहेत. पी क्यूआरएसच्या आत शिरतोय, बाहेर येतोय, पुन्हा शिरतोय असं दिसलं की हे ओळखावं. टी संपल्यावर मोकळ्या जागेत आलेला एखादा पी वेळेआधीच क्यूआरएस घेऊन आला, तर वाट शाबूत असल्याचा तो पुरावाच. पाय वर उचलून धरायला सांगा किंवा उठून बसवा, सायनस वेग धरतो आणि नातं पुन्हा जुळतं.

ग्रामीण भागात हे विशेष महत्त्वाचं ठरतं ते हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिल्यानंतर. छातीतली कळ ओसरते, पट्टीवरचा उचललेला एसटी भाग खाली बसू लागतो आणि अचानक मॉनिटरवर रुंद क्यूआरएसची नियमित लय, साधारण 60 ते 110 च्या दरम्यान, पीशी संबंध नसलेली. सिस्टर धावत येतात. बीपी चांगलं असेल तर काही करू नका. ही ॲक्सिलरेटेड इडिओव्हेंट्रिक्युलर लय आहे, रक्तवाहिनी उघडल्यावर दिसते आणि बहुतेकदा आपोआप जाते. याउलट रुंद क्यूआरएसची लय 30-35 ची असेल आणि वर पी भराभर चालले असतील, तर ती जीव राखणारी एस्केप लय. तिला दाबून टाकायची व्हेंट्रिक्युलर लय समजून लिग्नोकेन देणं म्हणजे उरलेला आधारही काढून घेणं.

पी जास्त झाले तर

फ्लटरमध्ये वरचे कप्पे मिनिटाला सुमारे 300 वेळा हलतात. एव्ही नोड सगळे खाली सोडत नाही आणि सोडूही नये. 4:1 नं 75, 2:1 नं 150. हा नोडचा शहाणपणा आहे, त्याला हार्ट ब्लॉक हे निदान लावत नाहीत. प्रमाण बदलतं राहिलं तर वेंकेबाखसारखं दिसतं, पण करवतीचे दाते लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये शोधलेत की कळतं. एट्रियल टॅकिकार्डियात पी 150 ते 250 आणि त्यातले काहीच खाली, असं दिसलं तर डिगॉक्सिन जास्त झालंय का, पोटॅशियम उतरलंय का ते आधी पाहा.

यू लहरही फसवते. पोटॅशियम कमी असताना टीच्या मागे उंच यू उभी राहते आणि ती दुसरा पी वाटते. खूण सोपी: यू मागच्या टीला चिकटून राहते, पी पुढच्या ठोक्याशी नातं सांगतो. व्ही2-व्ही3 मध्ये ती सर्वांत ठळक असते. आणि क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर) फार लांबलेल्या बाळात पुढचा पी मागच्या टीच्या आतच पडतो म्हणून 2:1 दिसतं. तिथे वाट नाही, खालचा कप्पाच अजून तयार नसतो. तेही गंभीरच, पण आजार वेगळा.

आधीच पेसमेकर बसवलेल्या काहीजणांत एखादा ठोका गळू देण्याची सोय यंत्रातच केलेली असते. ‘पेसमेकर बंद पडला’ म्हणण्याआधी त्यांचं कार्ड पाहा.

पोटॅशियम, बिट्टी आणि उन्हाळा

हा भाग नकलेचा नाही, पण पेसमेकरविना उलटणाऱ्या मंद नाडीचा आहे, आणि आपल्या भागात तो वारंवार समोर येतो. ऊसतोडीवरून आलेला किंवा उन्हात रानात राबलेला माणूस, दोन दिवस जुलाब, अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आधीच बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू. किडनी मंदावते, पोटॅशियम चढतं. पट्टीवर पी चपटे होत नाहीसे होतात, क्यूआरएस रुंद होतो, टी टोकदार, नाडी 30-40. मशीन काहीही छापतं. सोबत बीटा ब्लॉकर किंवा व्हेरापामिल असेल तर दोघं मिळून एकमेकांचं विष वाढवतात. मंद नाडी, रुंद क्यूआरएस आणि न दिसणारे पी असं त्रिकूट दिसलं तर लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता, मॉनिटर लावून 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली शिरेतून सावकाश द्या, गरज पडली तर पुन्हा. पुढे इन्शुलिन-डेक्स्ट्रोज, साल्ब्युटामॉलची वाफ. क्यूआरएस डोळ्यांदेखत अरुंद होताना दिसतो.

पिवळ्या कण्हेरीच्या म्हणजे बिट्टीच्या बिया खाल्लेल्या तरुण रुग्णात दिसणारा ब्लॉक खरा असतो. त्या बियांतलं विष डिगॉक्सिनच्या जातीचं आहे. घरचे सुरुवातीला ‘काही नाही, पोट दुखतंय’ म्हणतात. विशीतल्या मुलीला उलट्या आणि नाडी 40 असेल, तर तिला एकटीला घेऊन हळू आवाजात विचारा. कीटकनाशकाच्या विषबाधेतली मंद नाडी बारीक बाहुली, लाळ आणि घामावरून ओळखता येते.

उलटी फसवणूकही विसरू नका

खरा ब्लॉकही वेषांतर करतो. एट्रियल फिब्रिलेशनच्या जुन्या रुग्णाची अनियमित नाडी एक दिवस नियमित आणि मंद झाली, तर बरं वाटून घेऊ नका. फिब्रिलेशन तसंच आहे आणि वर कम्प्लीट ब्लॉक झालाय, पुष्कळदा डिगॉक्सिनमुळे. 2:1 ब्लॉकमध्ये दुसरा पी टीमध्ये लपला तर तो साधा सायनस ब्रॅडिकार्डिया वाटतो. आणि म्हातारपणी पहिल्यांदाच ‘फेफरं’ येऊ लागलेल्या माणसाला वर्षभर मिरगीच्या गोळ्या चालू असतात, ईसीजी मात्र एकदाही काढलेला नसतो. हृदय काही सेकंद थांबलं तरी झटके येतात. ॲडम्सनं 1827 मध्ये आणि स्टोक्सनं 1846 मध्ये नोंदवलेली ही गोष्ट आजही निसटते. उतारवयातल्या पहिल्या झटक्याला ईसीजी हवाच.

अजून खात्री नसेल तर

चालवणं ही सर्वांत स्वस्त चाचणी. चालल्यावर ठोके नीट पोचू लागले तर दोष नोडपाशी किंवा व्हेगसचा. चालल्यावर ब्लॉक वाढला, 1:1 चं 2:1 झालं, तर दोष हिसच्या खाली आणि प्रकरण गंभीर. 2:1 ब्लॉक दिसतो तेव्हा केवळ एका पट्टीवरून तो वेंकेबाखचा की मोबिट्झ टूचा हे सांगता येत नाही. ही चाचणी किंवा लांब पट्टीत दिसणारा 3:2 चा तुकडाच ते सांगतो. नुकताच बेशुद्ध पडलेला, छातीत दुखणारा किंवा झडप अरुंद असलेला माणूस मात्र चालवायचा नाही.

होल्टर लावताना रुग्णाच्या हातात वही द्या. गरगरलं ती वेळ लिहायला सांगा, लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा. लक्षण आणि पट्टी एकाच मिनिटाची असेल तरच त्या होल्टरला अर्थ. महिन्यातून एकदाच चक्कर येणाऱ्याला चोवीस तासांचं होल्टर बहुधा कोरंच निघतं, आणि कोरं होल्टर म्हणजे सुटका नव्हे.

पाठवताना

आजच, मॉनिटर असलेल्या गाडीतून पाठवायचे ते असे: दुखापत होईल असा बेशुद्ध पडलेला, कम्प्लीट ब्लॉक, रुंद क्यूआरएससह खरा मोबिट्झ टू, ओळीनं दोन किंवा अधिक वेळेवरचे पी अडणारा, एकदा उजवा आणि एकदा डावा बंडल ब्रांच ब्लॉक दाखवणारा. उलटता येणारं कारण नसेल तर मोबिट्झ टू आणि कम्प्लीट ब्लॉकला लक्षणं नसली तरी पेसमेकरचा सल्ला दिला जातो, त्यामुळे ‘त्रास काहीच नाही’ म्हणून थांबू नका. अडलेला पीएसी, झोपेतला वेंकेबाख, व्हीपीसीमुळे कमी मोजली गेलेली नाडी, यांना ओपीडीची तारीख पुरते.

चिठ्ठीवर नुसतं ‘हार्ट ब्लॉक’ लिहू नका. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, नांदेडला किंवा लातूरला रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरला हे हवं असतं: पी-पी किती घरं, पीआर किती, गळालेला पी वेळेवर की वेळेआधी, सायनस मंदावत होता का, क्यूआरएस रुंद की अरुंद, कोणत्या गोळ्या आणि शेवटची कधी घेतली, पोटॅशियम पाठवलं का, ॲट्रोपिन दिलं तर काय झालं. मूळ लांब पट्टी सोबत टाचून द्या. मधे मंद नाडी आपोआप सुधारली तर तीच पट्टी एकमेव पुरावा असते, आणि फोनमधल्या तिरक्या फोटोवर कपटा लावता येत नाही. फोटोच पाठवायचा असेल तर पट्टी सपाट ठेवून, वरून सरळ, चौकोन मोजता येतील असा काढा.

नातेवाइकांशी बोलताना ‘ब्लॉक’ म्हटलं की ते रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज समजतात आणि अँजिओग्राफीचा खर्च विचारू लागतात. ‘आबांच्या हृदयाची नळी तुंबलेली नाही, ठोक्याचा करंट खाली पोचतो की नाही ते बघायचंय’ असं सांगा. पेसमेकर लागणारच असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते मोठ्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायला सांगा, आणि रेशनकार्ड व आधारकार्ड निघतानाच गाडीत ठेवायला सांगा.